चाकोरीतला मेंदू : पिट्सबर्गच्या दोन माकडांचं प्रकरण

मेंदू लवचिक असतो, हे वाक्य आता घासून गुळगुळीत झालंय. पक्षाघातानंतरच्या व्यायामाच्या माहितीपत्रकापासून मुलांच्या ‘ब्रेन डेव्हलपमेंट’ वर्गाच्या फलकापर्यंत ते कुठेही भेटतं. पण लवचिक म्हणजे किती, कुठल्या बाजूला आणि किती वेळात, असं विचारलं की गाडी अडते. या तिन्ही प्रश्नांना मोजमापाने भिडलेलं एक प्रकरण अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये घडलं आणि ऑगस्ट २०१४मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं. पिट्सबर्ग विद्यापीठ आणि त्याच शहरातलं कार्नेगी मेलन विद्यापीठ यांचं ते एकत्र काम. पहिलं नाव पॅट्रिक सॅडलर यांचं, आणि मागे आरोन बतिस्ता, बायरन यू, स्टीव्हन चेस ही मंडळी. पुढची दहा वर्षं याच गटाने हा एकच धागा सोडला नाही, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडण्यासारखं आहे.

आधी एक खुलासा. माणूस सायकल शिकतो तेव्हा मेंदूतल्या कोट्यवधी पेशी, पाठीचा कणा, शेकडो स्नायू असं सगळंच एकदम कामाला लागतं. त्यातली नेमकी कुठली पेशी बदलली म्हणून तोल सावरला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेसचं (पुढे नुसतं बीसीआय) तसं नाही. मेंदूत रुतवलेल्या इलेक्ट्रोडवरून काही पेशींचे स्पंद संगणकाला मिळतात, आणि संगणक ठरलेल्या सूत्राने त्यांचं रूपांतर पडद्यावरच्या कर्सरच्या हालचालीत करतो. हे सूत्र म्हणजे डीकोडर. तो प्रयोग करणाऱ्यानेच लिहिलेला असतो, त्यामुळे कर्सर का हलला याचं पूर्ण उत्तर त्याच्याकडे असतं. नोंदवलेल्या पेशींबाहेर काहीही चाललेलं असो, कर्सरवर त्याचा थेट काडीचाही परिणाम होत नाही. बीसीआयकडे बहुतेकजण अपंगांसाठीचं साधन म्हणून बघतात आणि ते बरोबरच आहे. पण शिकणं म्हणजे काय हे उघडून बघण्यासाठी इतकी स्वच्छ जागा दुसरी मिळणार नाही, आणि मला या प्रकरणात रस आहे तो मुख्यतः त्यामुळे.

या कामाचा मूळपुरुष म्हणजे एबरहार्ड फेट्झ. १९६९ साली सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी माकडाच्या हालचालींच्या पट्ट्यातल्या, म्हणजे मोटर कॉर्टेक्समधल्या, एकेका पेशीचे स्पंद एका काट्याच्या मीटरला जोडले. पेशी जोरात चालली की काटा सरकायचा, आणि ठरलेल्या खुणेपलीकडे गेला की माकडाला केळ्याच्या चवीची गोळी मिळायची. माकडं ते शिकली. आपल्याच डोक्यातल्या एका पेशीचा वेग वाढवायला ती शिकली, तेही कुणी ‘अमुक कर’ असं न सांगता. त्यानंतर अनेक वर्षं या क्षेत्रात एक उत्साही समज पसरला: बक्षीस आणि काटा दाखवा, मेंदू वाटेल ती पेशी वाटेल तशी वळवेल. फेट्झ स्वतः असं सरसकट म्हणत नव्हते, पण पुढच्यांनी सोयीने तसं घेतलं.

पिट्सबर्गच्या गटाने नेमका हाच समज तपासायला घेतला.

प्रयोगात दोन रीसस माकडं होती. निबंधात त्यांना नावं नाहीत, फक्त ‘जे’ आणि ‘एल’ ही अक्षरं. दोघांच्याही मोटर कॉर्टेक्समध्ये, हाताच्या वरच्या भागाच्या हालचालींशी संबंधित जागी, चार मिलिमीटर बाजूची एक चौरस चकती बसवलेली. तिला खालून सुयांसारखे ९६ इलेक्ट्रोड. त्यातून एका दिवशी साधारण ८५ ते ९१ नोंदी मिळत. काही नोंदी एकाच पेशीच्या, तर काही शेजारच्या दोनचार पेशींची सरमिसळ. सोयीसाठी आपण सगळ्यांना पेशीच म्हणू. माकडापुढे पडदा, मधोमध कर्सर, आणि कडेला आठ दिशांपैकी एखाद्या दिशेला एक लक्ष्य. कर्सर लक्ष्यावर नेला की बक्षीस.

संगणकाचं काम असं चाले. दर ४५ मिलिसेकंदांच्या तुकड्यात प्रत्येक पेशीचे स्पंद मोजायचे. हाती आले नव्वदेक आकडे. त्या नव्वदांतून काढायचे दोनच आकडे: कर्सर आडवा किती वेगाने जाणार आणि उभा किती वेगाने. म्हणजे सेकंदाला बावीसेक वेळा नव्वद आकडे दोनात कोंबायचे. पुढचं सगळं प्रकरण या कोंबण्यात आहे. नव्वदांचे दोन करायचे तर एकच उत्तर देणारे असंख्य मार्ग असतात. ‘उजवीकडे, मध्यम वेगाने’ एवढं सांगायला पेशींनी कुठला एकच नमुना उमटवला पाहिजे असं नाही. हजारो नमुने चालतील. मग मेंदू त्यातला कुठला निवडतो?

उत्तरासाठी थोडी भूमिती लागते. दोनच पेशी आहेत असं समजा. एकीचा वेग आडव्या अक्षावर, दुसरीचा उभ्या अक्षावर. प्रत्येक क्षणी दोघींचे वेग मिळून कागदावर एक ठिपका पडतो. दोघी एकमेकींशी संबंध न ठेवता चालत असतील तर ठिपके कागदभर विखुरतील. पण दोघींना एकाच ठिकाणाहून संदेश येत असेल, तर एक वाढली की दुसरीही वाढेल आणि सगळे ठिपके एका तिरक्या रेषेच्या आसपास गोळा होतील. कागद मोकळा पडलाय, पण ठिपके रेष सोडत नाहीत. आता नव्वद पेशी घ्या. नव्वद अक्षांचा अवकाश डोळ्यांपुढे कुणालाच आणता येत नाही, पण गणिताला त्याची अडचण नसते. फॅक्टर ॲनॅलिसिस या संख्याशास्त्रातल्या जुन्याजाणत्या पद्धतीने हिशोब केल्यावर दिसलं, की या नव्वदांच्या एकत्र चालीचा गाभा साधारण दहा दिशांत मावतो. नव्वद मितींच्या मैदानात दहा मितींची एक चाकोरी. निबंधात तिला मॅनिफोल्ड म्हटलंय. मी चाकोरीच म्हणेन, कारण ती पडली आहे वापराने आणि जोडण्यांनी: या पेशींना सामायिक संदेश येतात, त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, आणि आयुष्यभर हात हलवताना त्या अशाच मिळून चालत आल्या आहेत.

आता डीकोडरची रचना बघा, कारण सगळी युक्ती तिथे आहे. तो दोन पायऱ्यांचा केला होता. पहिल्या पायरीवर नव्वद पेशींवरून दहा घटक काढायचे, म्हणजे आत्ता आपण चाकोरीत नेमके कुठे आहोत ते ठरवायचं. दुसऱ्या पायरीवर त्या दहा घटकांवरून कर्सरचा वेग. बैठकीच्या सुरुवातीला माकडाच्या पेशींची नोंद घेऊन हे सूत्र त्याच्या सवयीला जुळेल असं बेतलं जाई. त्यावर माकड जवळजवळ प्रत्येक वेळी लक्ष्य गाठायचं. शिकण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

आणि मग, बैठक चालू असताना, माकडाला कसलीही सूचना न देता सूत्र बदललं जाई. बदल दोन तऱ्हेचे. कुठल्या दिवशी कुठला, ते प्रयोग करणारे ठरवत.

पहिल्या तऱ्हेत दुसरी पायरी विस्कटायची. दहा घटक तेच, पण कुठला घटक कर्सरला कुठे ढकलतो याची अदलाबदल. दहा घटकांच्या अदलाबदलीचे ३६,२८,८०० प्रकार होतात, तेव्हा निवडीला भरपूर वाव होता. या तऱ्हेत कर्सर अजूनही चाकोरीतल्या हालचालीच ऐकतो, फक्त त्यांचा अर्थ बदललेला असतो. दुसऱ्या तऱ्हेत पहिली पायरी विस्कटायची, म्हणजे कुठली पेशी कुठल्या घटकात किती भर टाकते यातच अदलाबदल. वरवर पाहता दोन्ही बदल सारखेच वाटतात. तिथेही पत्ते पिसले, इथेही पत्ते पिसले. पण दुसऱ्या तऱ्हेत कर्सर ज्या नमुन्यांना ओ देतो ते चाकोरीबाहेर पडतात. कर्सर नीट चालवायचा तर ज्या पेशी कायम एकत्र वाढत आल्या त्यातली एक वाढवून दुसरी घटवावी लागेल. कागदावरची ती तिरकी रेष सोडून मोकळ्या कोपऱ्यात ठिपका पाडावा लागेल.

हार्मोनियम वाजवणाऱ्याला हा फरक चटकन कळेल. गायकाने ऐनवेळी पांढरी चारऐवजी काळी चार धरली तर हात थोडा चाचपडतो, आणि काही वेळात बसतो. बोटांच्या हालचाली अंगवळणी पडलेल्याच असतात, त्या दुसऱ्या जागी उमटतात एवढंच. पण तळहात टेबलावर ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका एकटीच उचलून बघा. इच्छा आहे, काय करायचं ते माहीत आहे, बोट हलत नाही. अनामिकेची अडचण कंडरांच्या बांधणीची असते आणि ती सहसा जन्मभर राहते. मेंदूतल्या जोडण्यांचं तितकं पक्कं असेलच असं नाही, आणि त्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

निकाल स्वच्छ लागला. चाकोरीतल्या बदलावर माकडं आधी कोलमडली. कर्सर भलतीकडे जायचा, लक्ष्य गाठायला खूप वेळ लागायचा किंवा वेळ संपून जायचा. मग एकाच बैठकीत, काही तासांत, कामगिरी सावरत जायची. चाकोरीबाहेरच्या बदलावर तितकाच वेळ देऊनही बहुतेक दिवशी फारशी प्रगती दिसली नाही. दोन्ही माकडांत तोच कल. चाकोरीतला प्रत्येक दिवस यशस्वी होता आणि बाहेरचा प्रत्येक दिवस कोरडा, असं मात्र नाही. दोन्ही गटांच्या आकड्यांत थोडं एकमेकांवर चढणं होतं, पण फरक नजरेआड करण्यासारखा नव्हता.

मला या निकालाइतकाच पटणारा पुरावा वाटतो तो बैठकीच्या शेवटचा. मूळ, सवयीचं सूत्र परत लावल्यावर काय झालं? ज्या दिवशी चाकोरीतला बदल शिकवला होता त्या दिवशी माकडं आपल्या नेहमीच्या सूत्रावरही काही काळ चुकत राहिली आणि मग ताळ्यावर आली. बोटीतून उतरल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते त्याच जातीचा हा उरलेला परिणाम, आणि तो उरतो याचा अर्थ आत खरोखर काहीतरी बदललं होतं. चाकोरीबाहेरच्या दिवसांनंतर हा परिणाम बराच कमी होता. तिथे माकडं शिकली नव्हती, म्हणून विसरण्यासारखंही फारसं काही नव्हतं. नुसती यशाची टक्केवारी बघितली असती तर ‘कंटाळली असतील’ असं म्हणून प्रकरण मिटवता आलं असतं. या उलट तपासणीने ती पळवाट बंद केली.

दुसरी पळवाट अशी: चाकोरीबाहेरचं सूत्र मुळातच जास्त अवघड असेल. ही शंका गटाने आधीच ओळखली होती. रोजचं सूत्र निवडताना, माकड काहीच न बदलता जुन्या सवयीनेच चाललं तर कर्सर कुठे जाईल याचा हिशोब मांडून, फार सोपी आणि फार अवघड सूत्रं आधीच बाद केली जात. दोन्ही तऱ्हांच्या दिवशी सुरुवातीचं अपयश साधारण सारखंच पडावं, ही त्यामागची दक्षता. मूळ सूत्रापासून नवं सूत्र गणिताने किती लांब आहे आणि प्रत्येक पेशीला आपली आवडती दिशा किती फिरवावी लागेल, हेही तपासलं. या गोष्टींनी फरकाचा उलगडा होत नव्हता. चाकोरीच्या आत की बाहेर, यानेच होत होता.

इथे थांबलं असतं तर ‘मेंदूला मर्यादा असतात’ एवढंच हाती लागलं असतं, आणि ते आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. याच गटातल्या मॅथ्यू गोलब यांनी पुढे होऊन विचारलं, की जिथे माकडं शिकली तिथे नेमकं काय बदललं? त्यांचा निबंध २०१८ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आला. शक्यता बऱ्याच होत्या. पेशींनी चाकोरीत राहून नव्या सूत्राला सर्वांत सोयीचे नवे नमुने घडवले असतील. किंवा ज्या पेशींचं वजन नव्या सूत्रात वाढलं, त्यांनी आपला आवाज चढवला असेल. मोजणी या दोन्हींच्या बाजूने बोलली नाही. शिकण्याआधी पेशींचे जे नमुने उमटत होते, शिकल्यानंतरही जवळपास तेच उमटत होते. बदललं होतं ते एवढंच, की कुठला नमुना कुठल्या हेतूसाठी वापरायचा. जो नमुना कालपर्यंत ‘उजवीकडे’साठी निघायचा तो आज ‘वर’साठी निघत होता. माल तोच, गिऱ्हाईक बदललं.

याची किंमतही मोजावी लागते. जुन्याच साठ्यातून निवड करायची असल्याने नव्या सूत्रावर जो वेग गणिताने शक्य होता तो माकडांना गाठता आला नाही. चाकोरीच्या आतच त्याहून चांगली उत्तरं होती. ती वापरायला नव्या पेशी किंवा नव्या जोडण्या लागल्याच असत्या असं नाही, तरी पहिल्या काही तासांत मेंदू तिकडे वळला नाही. ‘लवचिक मेंदू’ ऐकून डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते बहुधा नव्या जोडण्या फुटण्याचं असतं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशीचं शिकणं हे बरंचसं कपाटातल्या कपड्यांचेच नवे जोड लावण्यासारखं निघालं.

मग जुनी साक्ष आडवी येते. बर्कलीमध्ये करुणेश गांगुली आणि होसे कार्मेना यांनी २००९ साली ‘प्लॉस बायॉलॉजी’त प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माकडांना रोज तोच डीकोडर आणि त्याच मोजक्या पेशी दिल्या होत्या, एका माकडाला तर सलग १९ दिवस. आकडे मध्ये बदलायचे नाहीत, सूत्र पुन्हा बेतायचं नाही. दिवसागणिक कौशल्य वाढलं. पेशींची त्या कर्सरसाठीची चाल हळूहळू ठरून गेली आणि पुढे रोज बैठक सुरू होताच तशीच हजर व्हायला लागली. इतकंच नाही, डीकोडरमधले आकडे वाटेल तसे पिसून दिले तरी काही दिवसांत माकडांनी तोही आत्मसात केला, आणि पहिला विसरली नाहीत. पिसलेलं सूत्र बर्कलीत शिकता येतं आणि पिट्सबर्गमध्ये नाही, हे कसं?

फरक आहे तासांचा आणि दिवसांचा. बर्कलीत पेशी थोड्या होत्या आणि अवधी दिवसांचा होता, पिट्सबर्गमध्ये पेशी नव्वद आणि रोज नवं कोडं. ही दरी पिट्सबर्गच्याच एमिली ओबी आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये भरून काढली. चाकोरीबाहेरचं एकच सूत्र त्यांनी माकडाला अनेक दिवस दिलं, आणि एकदम दिलं नाही. सवयीच्या सूत्राकडून अवघड सूत्राकडे लहान लहान टप्प्यांनी सरकवत नेलं. कामगिरी सुधारली, आणि पेशींमध्ये पूर्वी न दिसलेले नमुने उमटू लागले. चाकोरी रुंदावली. म्हणजे पहिल्या प्रयोगात दिसलेली भिंत ही कायमची भिंत नव्हती, तो एका बैठकीत पार न होणारा चढ होता. तासांचं शिकणं आणि दिवसांचं शिकणं ही एकाच प्रक्रियेची मंद आणि जलद रूपं नसून बहुधा वेगवेगळी कामं आहेत. पहिलं साठ्यातली अदलाबदल करतं, दुसरं साठा वाढवतं.

कर्सर हलल्याचं श्रेय कुठल्या पेशींना द्यायचं हे मेंदूला कसं कळतं, हा यातला एक उपप्रश्न, आणि त्यावर थोडक्यात एवढं सांगण्यासारखं. कार्मेना आणि रुई कोस्टा यांच्या गटाने २०१२ साली उंदरांना पेशींच्या चालीने एका आवाजाची पट्टी वरखाली करायला शिकवलं. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागात एनएमडीए ग्राही (पेशींमधल्या जोडण्या बळकट व्हायला लागणारे रेणू) नसलेल्या उंदरांना ते कौशल्य जमलं नाही. हालचालीत शरीराचा एकही स्नायू गुंतलेला नसताना, हात-पाय वापरून सवयी लावून घेण्याची जी जुनी यंत्रणा आहे तीच इथेही लागते. बीसीआय नवं असेल, मेंदू त्याला जुन्याच खात्यात नोंदवतो.

माणसांत काय? पिट्सबर्गमध्येच २०१२ साली ५२ वर्षांच्या एका बाईंच्या मोटर कॉर्टेक्समध्ये ९६ इलेक्ट्रोडच्या दोन चकत्या बसवल्या गेल्या. त्याआधी तेरा वर्षं त्यांना मज्जारज्जू आणि लहान मेंदूचा ऱ्हास करणारा आजार निदान झाला होता आणि मानेखालचं शरीर त्यांच्या ताब्यात उरलं नव्हतं. ‘लॅन्सेट’मधल्या अहवालानुसार सरावाच्या दुसऱ्याच दिवशी त्या यांत्रिक हात त्रिमितीत मोकळेपणाने फिरवू लागल्या. तेरा आठवड्यांनंतर सात प्रकारच्या स्वतंत्र हालचाली रोजच्या झाल्या होत्या, आणि लक्ष्य गाठण्याच्या चाचण्यांत सरासरी यश ९१.६ टक्के होतं. दुसऱ्या दिवसाचं यश आणि तेरा आठवड्यांचं यश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आता वाचकाच्या लक्षात आलं असेल. दुसऱ्या दिवशी हात हलला, कारण सूत्र त्यांच्या मेंदूच्या चालीवर बेतलं होतं. पण वाहिन्यांवरची बातमी होते ती दुसऱ्या दिवसाची. पुढचे तीन महिने बसून घासत राहणं कॅमेऱ्यात दिसत नाही.

चाकोरीची थेट परीक्षा माणसावर कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेतल्या रिचर्ड अँडरसन यांच्या गटाने घेतली. निबंध २०१९चा, ‘न्यूरॉन’मधला. हातपाय लुळे पडलेली एक व्यक्ती मेंदूच्या पॅरायटल, म्हणजे हालचालीचा बेत आखणाऱ्या, भागातल्या पेशींनी कर्सर चालवत होती आणि सूत्र मधेच वाकवलं जात होतं. माकडाला ‘काय केलंस’ असं विचारता येत नाही, माणसाला येतं. या प्रयोगाची खरी किंमत तिथे आहे. सूत्र वाकवल्यावर ती व्यक्ती लक्ष्यावर नेम न धरता मुद्दाम बाजूला नेम धरत असे, आणि कर्सर लक्ष्यावर जाई. आपण कॅरममध्ये फिरवून मारतो तसंच, पण सोंगटीशिवाय आणि हाताशिवाय. जिथे अशी कुठलीही नेम बदलण्याची युक्ती पुरेशी पडत नव्हती, तिथे पेशी जुळवून घेऊ शकल्या नाहीत. अधिक सरावाने जमलंही असतं, असं लेखकांनी मोकळं ठेवलंय, आणि ओबींच्या कामाकडे पाहता ते योग्यच.

आता दवाखान्यातला व्यवहार. पुस्तकी भांडण असं असतं, की सूत्राने मेंदूला जुळवून घ्यावं की मेंदूने सूत्राला. माझं मत या प्रकरणाने पक्कं झालं: पहिल्या दिवशी यंत्राने वाकावं. माणूस आजाराने आधीच दमलेला असतो, आणि चाकोरीबाहेरचं सूत्र त्याच्यापुढे ठेवून ‘मेंदू लवचिक असतो, जमेल’ असं सांगणं म्हणजे त्याच्या अपयशाचं खापर त्याच्याच माथी फोडणं. पण रोज सकाळी यंत्रच पूर्णपणे नव्याने बेतत राहिलं, तर बर्कलीच्या माकडांसारखी पक्की घडी बसायला वाव राहत नाही, कारण घडी पडायला कापड एका जागी तरी हवं. आणि रोज बेतावं तर लागतंच. इलेक्ट्रोड सूक्ष्म अंतराने सरकतात, काल ऐकू येणारी पेशी आज गप्प असते, आणि दर वेळी रुग्णाला थांबवून चाचणीचे ठिपके दाखवत बसणं कंटाळवाणं असतं.

यावर २०२०मध्ये ॲलन डेगनहार्ट आणि याच पिट्सबर्ग गटाने जे काढलं ते चाकोरीच्याच ज्ञानावर उभं आहे. पेशी बदलल्या तरी चाकोरीचा आकार बराच टिकून असतो. मग आजच्या पेशींनी आखलेली चाकोरी कालच्या चाकोरीवर फिरवून बसवायची, आणि पुढचं सूत्र तसंच ठेवायचं. माकड त्या क्षणी कुठे जायचा विचार करत होतं, हे संगणकाला सांगायची गरज नाही. पेशी गप्प झाल्या, त्यांचा मूळ वेग सरकला, किंवा त्यांची दिशा बदलली, अशा मुद्दाम घडवलेल्या बिघाडांतही माकडांचा कर्सर काम न थांबवता परत ताब्यात आला. इथे यंत्र बदलतं, पण मेंदूला ते जाणवू नये अशा बेताने. माझ्या मते दोन्ही बाजूंचा हट्ट सोडवणारी ही सर्वांत समंजस वाट आहे.

चाकोरीला जागा असते तशी दिशाही असते, हे मात्र अगदी अलीकडचं. ओबी, डेगनहार्ट आणि सहकाऱ्यांनी २०२५च्या जानेवारीत ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये दाखवलं, की पेशींचे नमुने एकामागून एक ज्या क्रमाने येतात तो क्रमही सहजी मोडत नाही. लक्ष्य ‘अ’कडून ‘ब’कडे जाताना मेंदूतली चाल एका वाटेने वळसा घेते, आणि ‘ब’कडून परतताना वेगळ्या वाटेने. माकडांना पडद्यावर त्यांच्या स्वतःच्या पेशींची ही चाल थेट दाखवली आणि तीच वाट उलट्या दिशेने चालून दाखवा म्हणून बक्षिसासह जोर लावला. एकेक नमुना माकडांच्या रोजच्या वापरातला होता, जागाही चाकोरीतलीच होती. तरीही उलटं चालणं जमलं नाही. वाट दोन्ही बाजूंनी बांधून अरुंद केली, तरी पेशींची चाल आपल्या ठरल्या वळणाकडेच ओढली जायची.